पहिला पॉवर सप्लाय न जाळता कसा बनवायचा

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी एक झिरो पीसीबी (पार्ट सोल्डर करायची भोकांची पट्टी) घेऊन येतं आणि म्हणतं, दादा, सगळं डायग्रामप्रमाणे जोडलंय तरी चालत नाहीये. मी आधी एकच विचारतो, जोडताना मधे कुठे मोजलं होतं का? उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. सगळं एकदम जोडलं, बटण दाबलं, फट् झालं, आणि आता चार पार्टमधला नेमका कोणता आधी गेला हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून हा लेख.

बनवायचाय तो एलएम३१७ या व्होल्टेज ठरवून देणाऱ्या तीन पायांच्या आयसीवरचा साधा व्हेरिएबल पॉवर सप्लाय, १.२५ पासून १२-१३ व्होल्टपर्यंत फिरणारा. पहिलं प्रोजेक्ट म्हणून हाच का, तर पुढची सगळी प्रोजेक्ट यावरच चालणार. अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) मोटर सुरू होताच रीसेट होतो अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी सगळं त्या छोट्या चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा प्रयत्न केलेला असतो, त्या बॅटरीचा तेवढा करंट द्यायचा जीवच नसतो.

एकच नियम शेवटपर्यंत पाळा. एक टप्पा जोडा, मोजा, आकडा बरोबर आला तरच पुढचा जोडा.

टप्पा १: २३० व्होल्टला हात घालायचा की नाही ते आधी ठरवा

शाळेत असाल, किंवा घरातल्या वायरिंगचं काम कधीच केलं नसेल, तर ट्रान्सफॉर्मर (२३० चे १२ व्होल्ट करणारा) विसरा. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतो, तो घ्या. त्यातून सरळ डीसी मिळतो, टप्पा ४ आणि ५ चं काम वाचतं आणि धोक्याचा सगळा भाग त्या बंद डब्यातच राहतो. हा कमीपणा अजिबात नाही, मी स्वतः नवीन मुलांना हेच करायला लावतो. फक्त १९ व्होल्टमुळे आयसी जास्त तापेल, म्हणजे हीटसिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) मोठा लागेल.

ट्रान्सफॉर्मरच वापरणार असाल तर पहिल्यांदा चालू करताना घरात दुसरं कुणीतरी जवळ असू द्या, पायात रबरी चप्पल, फरशी कोरडी. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीजवळ टेबल मांडू नका.

टप्पा २: सामान, आणि दुकानात काय सांगायचं

पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड. बाकीच्यांनी ऑनलाइन मागवलं तरी चालेल, पण ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक शक्यतो हातात घेऊन बघून घ्यावा असं माझं मत. यादी कागदावर लिहून न्या, काउंटरवर गर्दी असते आणि दुकानदार घाईत "हा पण चालेल" म्हणून दुसरंच काहीतरी देतो.

ट्रान्सफॉर्मर ०-१२ व्होल्ट, १ अँपियर. दुकानात बरेचदा १२-०-१२ पुढे करतात, त्याची भानगड टप्पा ४ मध्ये. डायोड १एन४००७ सहा, म्हणजे चार ब्रिजला (एसीचा डीसी करणाऱ्या जोडणीला) आणि दोन संरक्षणाला, वर दोन-चार जास्तीचे घ्या. मोठा कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा. २५ व्होल्टचा स्वस्त आणि छोटा मिळतो, तरी ३५ चाच घ्या, कारण पुढे सांगतो. एलएम३१७ दोन, एक जाईल असं धरूनच चाला. रेझिस्टन्स २२० ओम. पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स, २ के किंवा २.२ के, लिनियर, म्हणजे ज्यावर बी लिहिलेलं असतं तो. ए वाला ऑडिओच्या आवाजासाठी असतो, त्यात व्होल्टेज एका टोकाला एकदम उडी मारतं आणि नीट सेटच होत नाही. ०.१ मायक्रोफॅरडचा पिवळा किंवा तपकिरी बिनध्रुवाचा कपॅसिटर एक, १० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन. २.२ के अर्धा वॉटचा एक रेझिस्टन्स. हीटसिंक, त्याबरोबर आयसी आणि हीटसिंक यांच्यात करंट जाऊ न देणारा मायका, स्क्रूसाठी प्लास्टिकचा बुश, स्क्रू आणि हीटसिंक कंपाउंडची छोटी डबी. फ्यूज होल्डर आणि २५० मिलिअँपियरचा स्लो ब्लो फ्यूज. तीन पिनची कॉर्ड, स्विच, लाल-काळे बनाना सॉकेट, डबा. आणि १० ओम १० वॉटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स, जो सर्किटमध्ये लागत नाही पण टेस्टिंगला लागतो, आणि नेमका तोच कुणी आणत नाही.

टप्पा ३: मल्टिमीटर आणि सोल्डरिंग

मीटरच्या वायरी कुठे खोचल्या आहेत ते दर वेळी बघा. लाल वायर १० अँपियरच्या भोकात राहिली आणि तशीच व्होल्टेज मोजायला लावली की मीटर म्हणजे सरळ एक तारच, दोन्ही टोकं शॉर्ट. करंट मोजून झाला की वायर लगेच परत व्होल्टच्या भोकात, ही सवय हाताला लागली पाहिजे.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा पुरतो. टिप ओल्या स्पंजवर पुसायची, थोडी सोल्डर लावून चकचकीत ठेवायची. आयर्न पायाला आणि कॉपरला एकाच वेळी टेकवायचा, एक-दोन सेकंद थांबायचं, आणि सोल्डर वायर आयर्नला नाही तर त्या जोडाला लावायची. जोड गरम असेल तर सोल्डर आपोआप पसरते. बहुतेक जण सोल्डर आयर्नच्या टोकावर घेतात आणि रंगाच्या ब्रशसारखी नेऊन फासतात, तोपर्यंत फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला मदत करणारा तिच्यातला पदार्थ) जळून गेलेला असतो आणि वर नुसता गोळा बसतो, दिसायला जोडलेला, आतून सुटा. याला ड्राय सोल्डर म्हणतात आणि "कधी चालतं कधी नाही" या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

तपासा: चांगला जोड कडेला उतरता, डोंगराच्या पायथ्यासारखा दिसतो. वाटाण्यासारखा गोल दिसला तर परत गरम करा.

टप्पा ४: ट्रान्सफॉर्मर

आधी कोणत्या वायरी कुठल्या ते ओळखा, आणि रंगावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक बनवणाऱ्याचे रंग वेगळे. ट्रान्सफॉर्मर कशालाही न जोडता मीटर ओमवर ठेवून मोजा. २३० ची बाजू शेकड्यात ओम दाखवते, १२ ची बाजू एक-दोन ओमच्या आसपास. उलट जोडलं, म्हणजे १२ च्या बाजूला २३० दिले, तर तो काही क्षणात जळतो, आणि तोपर्यंत दुसऱ्या टोकाला काही हजार व्होल्ट तयार होऊ शकतात. म्हणून हे मोजणं टाळायचंच नाही.

आता १२-०-१२. याला तीन वायरी असतात. मधली आणि कडेची कोणतीही एक यांच्यात १२ व्होल्ट, पण दोन्ही कडेच्या वायरींमध्ये २४. माझा पहिला सप्लाय इथेच गेला. मी दोन कडेच्या वायरी ब्रिजला लावल्या, डोक्यात १२ च होतं, कपॅसिटर २५ व्होल्टचा, आणि २४ व्होल्ट एसीचे डीसी झाल्यावर ३३ च्या वर जातात. काही सेकंदांत कपॅसिटरचं डोकं फाटलं, घरभर तो विचित्र वास, आणि आईने पुढचे दोन महिने त्या टेबलाला हात लावू दिला नाही. तेव्हा १२-०-१२ च हाती असेल तर मधली आणि एक कडेची वापरा, उरलेल्या तिसऱ्या वायरीला हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) लावून बंद करा.

मेनची जोडणी: फेज आधी फ्यूजमध्ये, मग स्विचमध्ये, मग ट्रान्सफॉर्मरला. न्यूट्रल थेट. हिरवी वायर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला आणि धातूचा डबा असेल तर डब्याला, स्क्रूने घट्ट. प्रत्येक जोडावर हीट श्रिंक, टेप उन्हाळ्यात सुटते. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीवर) २३० व्होल्ट कधीही आणायचे नाहीत, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब वापरा. ४० किंवा ६० वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब फेजच्या वायरीत सिरीजमध्ये लावायचा, एलईडी बल्ब चालत नाही. वायरमन लोकांकडे असा सिरीज बोर्ड तयारच असतो, एक दिवस मागून आणा. सगळं ठीक असेल तर बल्ब लागत नाही. झगझगीत पेटला तर समजा आत शॉर्ट आहे, पण जळलं काही नाही, सगळा भार बल्बने अंगावर घेतला.

तपासा: १२ च्या बाजूला मीटर एसीवर. लोड (करंट ओढणारं काही) नसताना १३-१४ दिसू शकतात, घाबरू नका, छोटे ट्रान्सफॉर्मर रिकामे असताना जास्तच दाखवतात. २४ च्या पुढे दिसले तर वायरी चुकल्या. नंतर प्लग काढा, नुसता स्विच बंद करून पुढचं काम करू नका.

टप्पा ५: ब्रिज आणि मोठा कपॅसिटर

इथे एक गोंधळ सगळ्यांचा होतो. डायोडवरची पट्टी आणि कपॅसिटरवरची पट्टी यांचा अर्थ उलटा आहे. कपॅसिटरवर पट्टी म्हणजे मायनस. डायोडवर पट्टी म्हणजे कॅथोड, आणि ब्रिजमध्ये ज्या कोपऱ्यावर दोन डायोडच्या पट्ट्या एकत्र येतात तो प्लस. जिथे दोन बिनपट्टीची टोकं एकत्र येतात तो मायनस. उरलेल्या दोन कोपऱ्यांवर, जिथे एक पट्टीचं आणि एक बिनपट्टीचं टोक येतं, तिथे ट्रान्सफॉर्मरच्या वायरी. हे कागदावर मोठं काढा आणि डायोड कागदावर ठेवून बघा, मग सोल्डर करा.

आधी नुसता ब्रिज, कपॅसिटर नाही. सिरीज बल्बवर चालू करा, मीटर डीसीवर, लाल वायर प्लसला. ११-१२ च्या आसपास काहीतरी दिसेल आणि त्यापुढे मायनसची खूण नसेल. खूण आली तर प्लस-मायनस तुम्ही उलटं समजताय, आत्ताच कळलं हे बरं, कपॅसिटर लावल्यावर कळलं असतं तर तो फुटूनच कळला असता.

मग प्लग काढून कपॅसिटर लावा, त्याच्या दोन्ही टोकांना तो २.२ के चा रेझिस्टन्ससुद्धा. तो कशाला, तर बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा व्हावा म्हणून. तो नसेल तर बंद सप्लायमध्ये चार्ज बराच वेळ बसून राहतो, तुम्ही आयसी लावायला जाता, स्क्रू ड्रायव्हर कुठेतरी टेकतो आणि ठिणगी पडते.

सावधान: पहिल्यांदा चालू करताना तोंड कपॅसिटरच्या वर नेऊ नका. चष्मा असेल तर घाला, नसेल तर दोन पावलं मागे.

तपासा: बल्ब क्षणभर लुकलुकून विझला पाहिजे. कपॅसिटरवर साधारण १६ ते १९ व्होल्ट डीसी. हिशोब असा, १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून दोन डायोडचे मिळून १.४ गेले की साडेपंधरा, आणि रिकाम्या ट्रान्सफॉर्मरमुळे वर थोडं जास्त. लाइनला व्होल्टेज वाढलं की हे अजून वर सरकतं, ३५ व्होल्टचा कपॅसिटर त्यासाठीच. बल्ब पेटूनच राहिला तर एखादा डायोड उलटा आहे.

पाच मिनिटांनी बंद करा, प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, कपॅसिटरवर मीटरने शून्य आलंय का बघा आणि मग डायोडना हात लावा. कोमटसुद्धा नसले पाहिजेत.

टप्पा ६: एलएम३१७, आधी ब्रेडबोर्डवर, लोड न लावता

सगळ्यात जास्त आयसी इथेच उडतात, म्हणून सावकाश वाचा.

लिहिलेली बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून पहिला पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, तिसरा इनपुट. ज्यांनी आधी ७८०५ (ठराविक ५ व्होल्ट देणारा आयसी) वापरलाय ते सवयीने पहिल्याला इनपुट आणि मधल्याला ग्राउंड देतात, कारण ७८०५ मध्ये तसंच असतं. दिसायला दोन्ही अगदी सारखे. एलएम३१७ ला ग्राउंडचा पायच नाही हे एकदा डोक्यात बसलं की अर्ध्या चुका संपतात.

तो काम कसा करतो तेवढं समजून घ्या म्हणजे चूक शोधता येईल. आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये तो कायम १.२५ व्होल्ट ठेवायला बघतो. त्या दोघांमध्ये आपण २२० ओम लावतो, म्हणजे त्यातून पावणेसहा मिलिअँपियरच्या आसपास करंट जातो, आणि तोच करंट पुढे पॉटमधून ग्राउंडला जातो. पॉट जितका मोठा फिरवाल तितका त्यावर व्होल्टेज जास्त पडतो, आणि आउटपुट तेवढं वर उचललं जातं. सूत्र, १.२५ गुणिले (१ अधिक पॉट भागिले २२०). २ के पॉटला कमाल १२.६ येतात, २.२ के ला १३.७५.

काही जण म्हणतात, गुणोत्तर सारखंच ठेवायचंय ना, मग २२० ऐवजी २.२ के आणि पॉट २० के लावला, घरात तोच होता. इथेच फसतात. या आयसीला स्वतः सुरळीत चालायला थोडा करंट आउटपुटमधून जावाच लागतो, काही मिलिअँपियर. २२० ओममुळे त्यातला बराचसा आपोआप जातो. २.२ के लावला की अर्धा मिलिअँपियरच जातो, आणि लोड नसताना आउटपुट मनाला येईल तसं वर चढतं. वर ॲडजस्टच्या पायातूनही ५० मायक्रोअँपियरच्या आसपास करंट निघतो, २० के वर त्याचा पूर्ण एक व्होल्ट होतो. तेव्हा रेझिस्टन्स बदलू नका.

पॉटचा मधला पाय आणि एका कडेचा पाय एकमेकांना जोडून ॲडजस्टला न्या, दुसऱ्या कडेचा पाय ग्राउंडला. ०.१ चा कपॅसिटर इनपुट आणि ग्राउंडमध्ये आयसीला अगदी चिकटून, १० मायक्रोफॅरडचा एक आउटपुटला, एक ॲडजस्टला, दोघांचे मायनस ग्राउंडला. एक डायोड आउटपुटकडून इनपुटकडे, पट्टी इनपुटच्या बाजूला. दुसरा ॲडजस्टकडून आउटपुटकडे, पट्टी आउटपुटच्या बाजूला. हे डायोड बऱ्याच डायग्राममध्ये नसतात, पण सप्लाय बंद झाल्यावर कपॅसिटरमधला उरलेला चार्ज आयसीतून उलटा वाहतो तेव्हा हेच त्याला वाचवतात.

सावधान: लांब ब्रेडबोर्डवर वरची लाल-निळी पट्टी बरेचदा मधोमध तुटलेली असते. रेघ अखंड दिसली तरी मीटर कंटिन्युइटीवर (जोड अखंड असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून बीप येतो का बघा.

तपासा: पॉट एका टोकाला असताना १.२५ च्या जवळ, दुसऱ्या टोकाला १२-१३. उजवीकडे फिरवल्यावर व्होल्टेज कमी होत असेल तर पॉटच्या कडेच्या दोन पायांची अदलाबदल करा. पॉट फिरवूनही आउटपुट इनपुटच्या एक-दोन व्होल्ट खाली अडकून बसलं असेल तर ॲडजस्टपासून ग्राउंडपर्यंतचा रस्ता कुठेतरी तुटलाय, बहुतेक पॉटचा पाय. १.२५ वरच अडकलं तर पॉट कुठेतरी शॉर्ट आहे. शून्य असेल तर इनपुटच्या पायावर व्होल्टेज पोचतंय का ते आधी बघा.

टप्पा ७: झिरो पीसीबी आणि हीटसिंक

ब्रेडबोर्डवर लोड लावू नका, त्यातल्या क्लिपा अर्धा-एक अँपियरसाठी नाहीत. पीसीबीवर नेताना एक गोष्ट सांभाळा, २२० चा रेझिस्टन्स थेट आयसीच्या आउटपुट पायालाच सोल्डर करा, लांब सॉकेटपाशी नको. वायरीत पडणारा थोडासा ड्रॉप तसा सर्किटमध्ये आला की सूत्रातल्या त्या गुणाकारामुळे मोठा होतो, आणि लोड लावल्यावर व्होल्टेज का खाली बसतं याचा तासन् तास शोध चालतो.

उष्णतेचा हिशोब सोपा. इनपुट वजा आउटपुट, गुणिले करंट. कपॅसिटरवर १५, आउटपुट ५, करंट अर्धा अँपियर, म्हणजे ५ वॉट आयसीवरच जळतात. नुसता हवेत उभा असेल तर तो काही वेळातच स्वतःहून बंद पडायला लागतो, गार झाला की परत चालू. लोकांना वाटतं आयसी खराब आहे, बदलतात, दुसराही तसंच करतो.

आयसीचा धातूचा पत्रा आतून आउटपुटला जोडलेला असतो, हेही ७८०५ पेक्षा वेगळं. म्हणून मायका आणि बुश न लावता हीटसिंक धातूच्या डब्याला कसला तर अख्ख्या डब्यावर आउटपुट येतं. कंपाउंड मायकाच्या दोन्ही बाजूंना पातळ, पराठ्याला तूप लावतो तेवढंच, थापायचं नाही.

तपासा: स्क्रू कसल्यावर पत्रा आणि हीटसिंक यांच्यात बीप यायला नको. आला तर बुश फाटलाय.

टप्पा ८: लोड लावून परीक्षा

सिरीज बल्ब आता काढा, नाहीतर तोच करंट अडवेल. मीटरवर बघून ५ व्होल्ट सेट करा, मग १० ओमचा सिमेंट रेझिस्टन्स लावा. अर्धा अँपियर जाईल. व्होल्टेज ४.९ च्या खाली जायला नको. दहा मिनिटं चालू ठेवा. हीटसिंक चटका बसेल असा, म्हणजे बोट दोन सेकंदही ठेवता येत नाही असा झाला तर मोठा घ्या. सिमेंटचा रेझिस्टन्ससुद्धा गरम होतो, प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

आणि अपेक्षा नीट ठेवा. १ अँपियरच्या ट्रान्सफॉर्मरमधून ब्रिज आणि कपॅसिटर लावल्यावर सतत १ अँपियर डीसी मिळत नाही, ६०० मिलिअँपियरच्या आसपास धरा. शिवाय २२०० मायक्रोफॅरडवर अर्ध्या अँपियरला कपॅसिटरचं व्होल्टेज दर वेळी सव्वादोन व्होल्टनी खालीवर होतं, म्हणजे खालचं टोक १३ च्या आसपास, आणि आयसीला वर अजून दोन व्होल्ट लागतात. त्यामुळे या लोडला १२ व्होल्ट मागाल तर मिळणार नाहीत. ९ पर्यंत बिनधास्त वापरा.

टप्पा ९: डब्यात बसवणं आणि पहिला वापर

कॉर्ड डब्यात शिरते तिथे रबरी ग्रोमेट, आणि आतून कॉर्डला एक टाय, म्हणजे ओढली तरी जोड निघणार नाही. २३० ची बाजू एका कडेला, बाकी दुसऱ्या कडेला. हीटसिंकच्या वर आणि खाली भोकं हवीत. व्होल्टमीटरचा छोटा डिस्प्ले लावायचा असेल तर तीन वायरींचा घ्या, दोनवाला कमी व्होल्टेजला चालतच नाही.

या सप्लायला ठरवून करंट कमी करायची सोय नाही, शॉर्ट झालं तर आयसी स्वतःला वाचवेल पण तुमचा मॉड्यूल वाचवणार नाही. म्हणून नवीन सर्किट पहिल्यांदा जोडताना मधे एक ५०० मिलिअँपियरचा फ्यूज ठेवा. आणि दर वेळी क्रम हाच, आधी चालू करा, मीटरने व्होल्टेज बघा, मग बंद करून सर्किट जोडा. पॉट डब्याबाहेर असतो, कुणाचा तरी धक्का लागतो, काल ३.३ वर ठेवलेला आज ९ वर असतो आणि एक चांगला वायफाय मॉड्यूल डोळ्यांदेखत जातो.

आठवडाभर वापरून झाल्यावर प्लग काढून डबा एकदा उघडा, हीटसिंकचा स्क्रू पाव फेरा घट्ट करा, तापून-गार होऊन तो सैल पडलेला असतो, आणि मायकाचा बीप परत एकदा बघा.